अर्ध्या चंद्राचे कार्ड

डॉ. वसुधाबाईंचे पत्र मी शके १९०५ च्या जुन्या पंचांगात, आश्विनाच्या पानांमध्ये ठेवले होते. ते फेब्रुवारी १९८८ मध्ये आले. आज मार्च १९८९ आहे. तेरा महिने मी त्याला उत्तर दिले नाही.

पत्र लहानच होते. निळे अंतर्देशीय, आणि अक्षर डॉक्टरांच्या मानाने फारच वाचता येण्याजोगे. त्यांची बदली माहूलकडच्या एका दवाखान्यात झाली होती. त्यांनी लिहिले होते : "परबकाका, इथेही तेच आहे. कोळीवाडा, टीबीचे पेशंट, आणि औषधाच्या दिवशी निम्मे गैरहजर. गेल्या तीन महिन्यांत अकरा कार्डांवर 'औषध सोडले' असा शेरा पडला. मी आपल्या मढचे दिवस इथे लावून पाहिले, जमले नाही. तुम्ही ते दिवस कसे शोधलेत, कुणाला काय विचारलेत, सुरुवात कुठून केलीत, हे मला कधी कळलेच नाही. माझ्या टेबलावर तर तयार कार्ड आले होते. सगळे लिहून पाठवा. लवकर."

'लवकर'खाली रेघ होती.

मी उत्तर लिहायला बसलो नाही असे नाही. सात-आठ वेळा बसलो. दवाखान्यात मी एकतीस वर्षे केसपेपर लिहिले, पण स्वतःहून चार ओळी लिहायच्या म्हटले की माझा हात जड होतो. वाचायला काहीही द्या, जुने शब्दकोश, पंचांगे, रद्दीतून आणलेली प्रवासवर्णने, मी वाचीन. लिहिताना मात्र पहिल्या वाक्यालाच वाटते, हे सांगणारा मी कोण?

या पत्राच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. खरे उत्तर लिहायचे तर ते लाल शाईपासून सुरू करावे लागले असते.

"अवो, त्या डाक्टरीणबायक उत्तर लिवूचा हा की नाय?" रुक्मिणी, माझी बायको, दर पंधरा दिवसांनी विचारी. "ती हंय येवन उभी रवली तर तोंड खंय लपवतलात?"

"लिहितो गं. जरा मनात जुळवतो आहे."

"तेरा म्हयने जुळवतात! तेवढ्यात पोर रांगाक लागता."

मी पंचांग मिटून फळीवर ठेवी.

आता सांगतो, ते असे.

१९८३ साली मी अंधेरीच्या एका म्युनिसिपल दवाखान्यात नोंदणी कारकून होतो. मंगळवार हा टीबीचा दिवस. पेशंटने स्वतः यायचे, वजन करायचे, आठवड्याच्या गोळ्या न्यायच्या. या गोळ्या वर्षभर न चुकता घ्याव्या लागतात. मध्येच सोडल्या की बरे वाटू लागलेला माणूस पुन्हा खोकू लागतो, आणि पुढच्या वेळी त्याच गोळ्या लागू पडतील याचा भरवसा राहत नाही. म्हणून एक नियम होता : तीन महिन्यांत तीन मंगळवार चुकले की कार्ड बंद. मग पेशंटने पुन्हा एक्स-रे केंद्रावर जायचे, थुंकी तपासायची, इस्पितळातून चिठ्ठी आणायची आणि पहिल्यापासून सुरू करायचे. ही तिन्ही ठिकाणे वेगवेगळी, त्यांचे वार वेगवेगळे, आणि एका ठिकाणी काय झाले ते दुसऱ्याला माहीत नसे. पेशंट हातात चार कागद घेऊन फिरे. त्यातला एखादा हमखास हरवे.

कार्ड बंद करण्याचे काम माझे. 'औषध सोडले' हे शब्द लाल शाईने लिहायचे आणि डॉक्टरांची सही घ्यायची. माझे अक्षर चांगले. त्या लाल ओळी मी फार सुबक लिहीत असे, हे आता सांगताना कसेसेच होते.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी मढची अंजनाबाई तिच्या मुलाला, चंदरला, घेऊन माझ्या खिडकीशी आली. मढ आमच्या दवाखान्याकडे होते. तिथली माणसे वेसाव्याची खाडी होडीतून ओलांडून, मग बसने अंधेरीला येत. चंदर चोवीस वर्षांचा, चुलत्याच्या होडीवर खलाशी. उंच, खांदे रुंद, पण शर्ट हँगरला लावल्यासारखा अंगावर लोंबत होता. त्याचे हे दुसऱ्यांदा सुरू केलेले औषध होते. आधीच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर त्याला बजावले होते, "या वेळी सोडलंस तर तिसऱ्यांदा आमच्याकडे द्यायला काही नाही." अंजनाबाईच्या नवऱ्याचा जीव याच खोकल्याने घेतला होता.

मी रजिस्टर पाहिले. "गेल्या मंगळवारी आला नाहीत. ही तिसरी वेळ. कार्ड बंद करावं लागेल."

"बंद म्हंजे?" अंजनाबाई म्हणाली.

"म्हणजे पुन्हा एक्स-रे, पुन्हा तपासणी. तोवर गोळ्या नाहीत."

"तो उभा हाय ना तुजे समोर! आज आलाय ना?"

"आज आला. गेल्या मंगळवारी नाही. त्याच्या आधी आला, त्याच्या आधी नाही. औषध काय हौसेचं आहे का बाई?"

मागे तीसेक माणसांची रांग. कुणीतरी हसले. चंदर जमिनीकडे पाहत म्हणाला, "आये, चल ना. राहू दे."

ती हलली नाही. तिने माझ्या रजिस्टरवर हात आपटला. सुक्या बोंबलाच्या वासाचा, रुंद, भेगाळलेला हात. "तुजा मंगलवार! दर्याला ठावा हाय का तुजा मंगलवार? यवरी मोठी वही हाय, तिच्यात आमचा दर्या हाय का कुठं?"

उत्तर सुचले नाही की मी नियमाआड लपतो. मी लाल पेन घेतले, तिच्या डोळ्यांदेखत त्या कार्डावर लिहिले 'औषध सोडले', आणि ते सहीसाठी आत पाठवले. ती दोघे निघून गेली. जाताना चंदर खोकत होता. तो आवाज जिन्याखाली जाईपर्यंत ऐकू येत राहिला.

त्या दिवशी काम संपल्यावर मी उगाचच रजिस्टर उघडून बसलो. तिच्या हाताचा ओलसर ठसा पानावर उमटला होता. मी मढची नावे काढली. सतरा पेशंट. आणि मग जे दिसले ते इतके सरळ होते की वर्षानुवर्षे ते मला दिसले कसे नाही, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. एक मंगळवार हजर, एक गैरहजर. एक हजर, एक गैरहजर. सतराच्या सतरा; कुणाचे कार्ड एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झालेले, कुणाचे बंद होण्याच्या बेतात. इतर वस्त्यांतले लोक चुकत ते कधीही चुकत. मढचे लोक मात्र सगळे एकाच मंगळवारी चुकत आणि पुढच्या मंगळवारी सगळे येत.

घरी येऊन पंचांग काढले. चुकलेला प्रत्येक मंगळवार अमावास्येच्या नाहीतर पौर्णिमेच्या आसपासचा होता. आलेला प्रत्येक मंगळवार अष्टमीच्या जवळपासचा.

"काय ता शोधतात?" रुक्मिणीने विचारले. "कोणाचा लगीन काढलात?"

"मढच्या लोकांचं औषध शोधतोय."

"पंचांगात?" असे म्हणून ती आत गेली.

असे का होते ते मात्र पंचांगात नव्हते. ते विचारायला जाणे आले, आणि कुणाच्या दारात जाऊन काही विचारणे हे माझ्या आयुष्यातले सर्वांत कठीण काम. रविवारी मी वेसाव्याच्या धक्क्यावर दोन होड्या जाऊ दिल्या. तिसरीत बसलो. या दवाखान्यात आल्यापासून एकवीस वर्षे मढच्या लोकांचे पत्ते लिहीत होतो, मढ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

अंजनाबाई बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगत होती. मला पाहून ती थांबली. एक रिकामी टोपली पालथी करून तिने पायाने माझ्याकडे सरकवली. मी बसलो.

"बाई, तुमचे लोक एका मंगळवारी येतात, एका मंगळवारी येत नाहीत. का?"

तिने हातातला बोंबील खाली ठेवला.

"किती वरसं कागद लिवतंस तू?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस वरसं. आनि आज इचारतंस!" मग ती हसली. ते हसणे मला शिवीपेक्षा जास्त लागले, पण त्यात राग नव्हता. "आईक. पुनवेला आनि आवसेला उधाण. पान्याला जोर. त्या जोरावर आमची डोल चालते, जालं तोंड वासून उभं राहतं, म्हावरा आत येतो. चार दिस आधी, चार दिस मागं, सगल्या होऱ्या दर्यात. बाया बाजारात. तवा कोन येनार तुजे गोल्यांना? एक खलाशी कमी पडला तर होरी काठावर. आनि आठमीला भांग. पानी मेलेलं. जालं ओढत नाय. तवा पुरुस घरात, जाली शिवतात, पत्ते खेलतात. तवा बोलाव, सगला गाव येईल."

"हे तुम्ही दवाखान्यात कधी सांगितलं का नाहीत?"

"कोनी इचारलं?"

चंदर दारात बसून जाळ्याची गाठ मारत होता. मान वर न करता म्हणाला, "आणि होडीवर सांगू काय? टीबी आहे, मंगळवारी सोडा? दुसऱ्या दिवशी होडीवर घेणार नाहीत मला."

परतताना होडीत मी एक गोष्ट ठरवली. ठरवली म्हणण्यापेक्षा, ती न करण्याची मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी चंदरच्या कार्डावरच्या लाल ओळीवर निळी रेघ मारली आणि बाजूला सही केली. मला तसा अधिकार नव्हता. एकतीस वर्षांत माझ्या हातची ती एकच खाडाखोड. चंदरला निरोप पाठवला की जमेल त्या दिवशी ये, गोळ्या मिळतील.

आणि मग संध्याकाळी बसून जुन्या पुठ्ठ्याची कार्डे कापली. चार कागदांऐवजी एकच कार्ड : एका बाजूला आमच्या गोळ्या आणि वजन, दुसऱ्या बाजूला एक्स-रे, थुंकी, इस्पितळ, सगळे तारखेनिशी. जो पाहील त्याला बाकीच्यांनी काय केले ते दिसावे. गोळ्या आठवड्याच्या नव्हे, पंधरा दिवसांच्या. आणि पुष्कळांना वाचता येत नसे म्हणून वरच्या कोपऱ्यात यायच्या दिवसाची खूण, अर्धा चंद्र. आकाशात असा चंद्र दिसला की या.

चंदरबरोबर गोळ्या न्यायला आलेल्या अंजनाबाईला पहिली दोन कार्डे दाखवली. ती पदर तोंडाला लावून हसू लागली.

"काय झालं?"

"दोनी चंद्र यकाच कुशीवर निजवलेस! सुदातला इकडं बघतो, वद्यातला तिकडं. कवा वर बघितलंस का नाय रं?"

मी पंचांगे पुष्कळ वाचली होती. वर बघितले नव्हते. पुन्हा काढले.

याच आठवड्यात जुने डॉक्टर बदलून डॉ. वसुधाबाई आल्या. तिशीतल्या, बारीक अंगाच्या, चालताना चपलांचा फटफट आवाज करणाऱ्या. मी कार्ड त्यांच्या टेबलावर ठेवले, शेजारी रजिस्टर, शेजारी पंचांग, आणि उभा राहिलो. त्यांनी तिन्ही पाहिली. रजिस्टरच्या पानावर बोट ठेवून तिथीवर बोट ठेवले. पुन्हा तसेच केले.

"परबकाका, हे दिवस कुणी काढले?"

मी म्हणालो, "पंचांगात आहेत, बाई."

खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. अंजनाबाईचे नाव सांगायचे तर लाल शाईचेही सांगावे लागले असते, आणि नव्या साहेबांपुढे पहिल्याच आठवड्यात ते सांगायचे धैर्य मला झाले नाही. त्या इतक्या खूष झाल्या की मग सांगायची जागाच उरली नाही. तेव्हापासून ते 'परबांचे कार्ड' झाले.

बाईंनी पुढचे जे केले ते मला जन्मात जमले नसते. त्या लोकांशी बोलल्या. एक्स-रे केंद्रावर भाऊराव नावाचे गृहस्थ होते, सगळ्यांना दारातूनच परत पाठवण्यात पटाईत. बाई मला आणि पंचांगाला घेऊन तिथे गेल्या.

"आता दवाखान्यात पंचांग?" भाऊराव म्हणाले. "उद्या राहुकाळ बघून फोटो काढायला लावाल. श्वास रोखा, अमृतवेळ आहे!"

"राहुकाळ नाही, भाऊराव. भरती-ओहोटी," बाई म्हणाल्या. "महिन्यातून दोन दिवस. मढचे सगळे एकदम पाठवते."

"आणि माझा गुरुवार?"

"गुरुवार तुमचाच. पण एकेक माणूस येऊन एकेक फिल्म धुण्यापेक्षा दहा फिल्मा एका वेळी धुतल्यात तर तुमचं काम किती वाचेल?"

भाऊरावांनी पंचांग माझ्या हातातून घेतले आणि अष्टम्या मोजू लागले. "ही रविवारी येते," ते म्हणाले.

"मग नवमी," मी म्हणालो. त्या भेटीत माझे बोलणे एवढेच.

परिचारिका नीलाताई अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी होडीने मढला जाऊ लागल्या. जो आला नसेल त्याच्या घरी, आणि घरात कुणी खोकत असेल तर त्याच्याकडेही. पहिल्या खेपेला त्यांना होडी लागली आणि त्या म्हणाल्या, "परबकाका, पुढची कार्डं जमिनीवरच्या लोकांची काढा हो." पण एक खेप चुकवली नाही त्यांनी. लहान मुलांच्या लशीही त्याच दिवशी नेऊ लागल्या. खाडी ओलांडायचीच आहे तर हात रिकामे का, म्हणाल्या.

आणि गावात अंजनाबाई. षष्ठीपासून तिचा आवाज गल्लीत फिरे, असे नीलाताई सांगत : "भांग आला गो, कारडं काढा!" कुणाला टीबी आहे हे गावाला कळू नये म्हणून तिने युक्ती केली होती. ती सगळ्यांनाच हाक मारी. लशीच्या पोरांना, गरोदर बायांना, डोळे तपासायच्या म्हाताऱ्यांना. त्या गर्दीत चंदर एक. पुढे होडीवर कुणी विचारले तर तो म्हणे, "आज सगळंच गाव चाललंय ना दवाखान्यात, मी पण चाललो."

चंदरचे कार्ड तिच्या पानाच्या चंचीत असे. दर अष्टमीला ते माझ्या खिडकीशी येई, कडा चुन्याने पांढऱ्या झालेल्या, बोंबलाचा वास. मी वजन लिहीत असे. बेचाळीस. चव्वेचाळीस. त्रेचाळीस, त्या वेळी अंजनाबाई माझ्याकडे अशी पाहत होती की जणू तो एक किलो मीच नेला. मग सेहेचाळीस. एकोणपन्नास. वर्षभरात त्याची एकही अष्टमी चुकली नाही. एकदा एका अष्टमीला वादळी वारे सुटले, होड्या बंद. बारा वाजून गेले तरी मी खिडकी लावली नाही. साडेबाराला चंदर आला, मार्वेवरून वळसा घालून, दोन बसेस बदलून. "तुमचा चंद्र चुकवला नाही ना, साहेब?" म्हणाला.

डिसेंबर १९८४ मध्ये भाऊरावांनी त्याचा शेवटचा एक्स-रे स्वतः हातात घेऊन आणला. कधी नव्हे ते दवाखान्यात आले आणि खिडकीच्या उजेडात फिल्म धरून मला म्हणाले, "बघा परब, काच आहे काच." चंदरचे वजन छप्पन्न. मी कार्डाच्या शेवटच्या चौकोनात 'औषध पूर्ण' लिहिले. कोणत्या शाईने लिहावे याचा विचार करत इतका वेळ बसलो की अंजनाबाई म्हणाली, "लिव ना रं, का परत कुठली तिथी बघतंस?"

त्या वर्षी मढचे एकोणीस पेशंट होते. सतरांचे औषध पूर्ण झाले. एक बाई माहेरी गेली, तिला तिथल्या दवाखान्यात औषध मिळेल अशी चिठ्ठी बाईंनी करून दिली. एक म्हातारे दुसऱ्याच दुखण्याने गेले. 'औषध सोडले' असे लाल शाईने लिहिलेले मढचे एकही पान त्या रजिस्टरात नाही. मी आत्मस्तुती करीत नाही, पण ते रजिस्टर माझ्या हातचे आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. हे वाक्य लिहायला मला चार वर्षे लागली.

मे १९८६ मध्ये मी निवृत्त झालो. निरोपाच्या वेळी बाईंनी भाषणात सांगितले की परबकाकांनी एकट्याने, एका पंचांगाच्या आधारे, हे शोधून काढले. टाळ्या झाल्या. मला शाल मिळाली. माझ्या शेजारी नीलाताई, समोर भाऊराव. अंजनाबाई नव्हती, तो उधाणाचा आठवडा होता. मी उठून सांगायला हवे होते. मी शालीच्या गोंड्याशी खेळत बसलो.

म्हणून ते पत्र तेरा महिने पंचांगात पडून राहिले. बाई विचारीत होत्या, सुरुवात कुठून केलीत? सुरुवात शालीच्या आड होती.

गेल्या शुक्रवारी सकाळी दार वाजले. रुक्मिणीने उघडले, आणि बोंबलाचा वास आधी आत आला.

"साहेब, वलखलंस का?"

अंजनाबाई बरीच पिकली होती, पण आवाज तोच. मागे चंदर. दंड भरलेले, मिशी ठेवलेली. मला त्याच्या शर्टाकडे पाहायचे होते. तो आता खांद्यांवर घट्ट बसला होता.

"आमचे चंदरची होरी पान्यात लोटायची हाय सोमवारी," ती म्हणाली. "स्वताची होरी. तांडेल झाला तो. तुना आनि बाईला यायलाच पायजे."

चंदर म्हणाला, "होडीवर पुढे अर्धा चंद्र रंगवून घेतलाय, साहेब. दोन काढलेत. दोन्ही कुशींवर."

रुक्मिणीने चहा केला. अंजनाबाईने बशीत ओतून घेतला, आणि मग बशी तशीच खाली ठेवली.

"माजे भावाची पार्वती माहूलला दिलीय," ती म्हणाली. "तिचा नवरा खोकतो. परवा तिचा निरोप आला. त्याचे कारडावर लाल लिवलंय. बंद. साहेब, तितं कोनी तुजेसारखा नाय का रं इचारायला?"

रुक्मिणीने माझ्याकडे पाहिले. तेरा महिन्यांत ती पहिल्यांदाच या विषयावर गप्प राहिली, आणि मी उठलो. फळीवरून पंचांग काढले, पत्र काढले आणि अंजनाबाईला वाचून दाखवले. 'लवकर'पर्यंत.

"कवा आलं हे?"

"तेरा महिने झाले."

"आनि तू काय करत होतास?"

"काय सांगू, बाई. मला... त्यात तुमचं नाव आणि माझी चूक, दोन्ही लिहावं लागलं असतं."

"मंग लिव ना!" ती म्हणाली. "चूक काय एकल्या तुजीच हाय? मी पन वही बडवली, सांगितलं कुठं? बस. कागद घे."

मी कागद घेतला. पहिले वाक्य आपोआप आले : "डॉक्टरबाई, ही पद्धत माझी नाही. ती एका चुकीपासून सुरू झाली, आणि ती चूक मी लाल शाईने केली होती." मग थांबावे लागले नाही. रजिस्टरवरचा हात लिहिला, पालथी टोपली लिहिली, 'कोनी इचारलं?' हेही जसेच्या तसे लिहिले. निरोपाच्या भाषणात जे नाव यायला हवे होते ते दोनदा लिहिले.

"माहूलला अष्टमीचे दिवस का जमले नसतील?" मी अंजनाबाईला विचारले. आता विचारणे तितके कठीण जात नव्हते.

"दिस बराबर हाय," ती म्हणाली. "पन तितं भांगात पुरुस घरी बसत नाय. खाडीत काय मिलत नाय ना, मंग कंपन्यांत कंत्राटावर जातो. पार्वतीचा नवरा सकाली सातला जातो, सांजचे सहाला सुटतो. दवाखाना कवा बंद होतो?"

"म्युनिसिपलचे सगळेच दुपारी बाराला."

"झालं मंग."

मी लिहिले : "दिवस बहुधा तेच, वेळ वेगळी असावी. भांगाच्या दिवसांत सायंकाळी सहानंतर एक तास दवाखाना उघडता आला, आणि एक्स-रेवाले त्याच वेळी थांबले, तर पाहावे. पण मी सांगतो म्हणून मानू नये. कोळीवाड्यात पार्वती राहते, तिच्या नवऱ्याचे कार्ड बंद झालेल्यांत आहे. आधी तिच्याकडे जावे, आणि तिला विचारावे. त्याचे कार्ड उघडायला निळी रेघ पुरते."

शेवटी क्षमा मागितली. तेरा महिन्यांची. किती शब्दांत मागावी कळेना, तर चंदर म्हणाला, "एकदाच मागा, साहेब. जास्त मागितली तर पत्र उद्यावर जाईल."

माझ्याकडे जुने एक कोरे कार्ड राहिले होते. ते आत घालायचे म्हणून अंतर्देशीय चालणार नव्हते. रुक्मिणीने पाकीट आणि तिकिटे काढून दिली. ती तिने कधीची आणून डब्यात ठेवली होती, हे मला तेव्हा कळले. कार्डाच्या कोपऱ्यात मी दोन अर्धे चंद्र काढले आणि अंजनाबाईपुढे धरले. तिने ते लांब धरून, जवळ धरून पाहिले.

"बराबर," म्हणाली.

नाक्यावरच्या पेटीपर्यंत आम्ही चौघेही गेलो. पहिली डाक अकराला निघते, पावणेअकरा झाले होते. पाकीट तोंडाशी धरून मी पत्ता पुन्हा वाचू लागलो, तशी रुक्मिणी म्हणाली, "आता सोडा त्याका."

मी सोडले. आत पडल्याचा आवाज आला, तरीही अंजनाबाईने पेटीवर तळहाताने एक थाप मारली, माझ्या रजिस्टरवर मारली होती तशीच.